विनयाच्या नावची चारशे बारा पत्रं

निवेदन कसं लिहावं हे मला विचारा. एकतीस वर्षं मंत्रालयात लोकांची निवेदनं वाचली आणि निवृत्त झाल्यापासून आठ वर्षं स्वतः लिहितो आहे. वाचणारा माणूस कुठे थांबतो ते मला पक्कं ठाऊक आहे. दुसऱ्या परिच्छेदाला थांबतो. तिथून पुढे तो फक्त सही आहे की नाही ते बघतो.

वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या देवळाच्या हॉलमध्ये दर रविवारी आमच्या कुटुंब संस्कार मंचाची बैठक असते. आधी रामरक्षा, मग चहा, मग कुठला कायदा यायला हवा आणि कुठला जायला हवा यावर चर्चा. चर्चा सगळे करतात, लिहायचं मी. दारूच्या परवान्यांवर मुंबईला लिहिलं, लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांवर दिल्लीला लिहिलं, शाळेतल्या धड्यांवर दोन्हीकडे लिहिलं. उत्तर एकच येतं: आपले निवेदन प्राप्त झाले, पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात आले आहे. हेच उत्तर मी नोकरीत असताना हजारोंना पाठवलं आहे, त्यामुळे धड रागावताही येत नाही. आताशा बैठकीला जाताना जिना उतरायचाच कंटाळा येतो. पण मी नाही गेलो तर लिहिणार कोण, या एका विचारावर चपला घालतो.

यंदा विधेयक आलं ते लग्नाचं. विवाहाची नोंदणी करायला आई-वडिलांची लेखी संमती लागेल, असं. मंचात एकदम जान आली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? लग्न हा संस्कार आहे. कचेरीत तीन साक्षीदारांसमोर करायचा भाडेकरार नाही. हे मी तेव्हा म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

या विषयात मी नवखा नव्हतो. नोंदणी लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती पालघरच्या कचेरीत फळ्यावर लागते. निवृत्तीनंतर चार वर्षं मी दर सोमवारी पालघरला जाऊन तो फळा वाचला. नावं आणि पत्ते वहीत उतरवून घ्यायचे, घरी येऊन मुलीच्या वडिलांना फोन करायचा. लोक याला चोंबडेपणा म्हणतात. म्हणोत. पण काही बापांनी फोनवर रडून माझे आभार मानले आहेत.

आणि चार वर्षांपूर्वी त्याच फळ्यावर माझ्याच मुलीचं नाव महिनाभर लागलेलं होतं. ऋतिका शांताराम खानविलकर, आणि शेजारी मार्सेल म्हणून वसई गावातल्या एका ख्रिस्ती मुलाचं. नेमके ते चार सोमवार मी गेलो नाही, कारण माझ्या बायकोचे, विनयाचे गुडघे धरले होते आणि तिला डॉक्टरकडे न्यावं लागत होतं. पाचव्या सोमवारी मी मेव्हण्याच्या कोर्टाच्या कामासाठी रत्नागिरीला होतो. परत आलो तर टेबलावर ऋतिकाची चार ओळींची चिठ्ठी. त्या दिवसापासून घरात तिचं नाव काढायचं नाही, असं मी सांगितलं. विनया काही बोलली नाही. फळा वाचायला पुन्हा गेलो नाही, काय तोंडानं जाणार?

आमच्या मंचाचा अध्यक्ष हर्षवर्धन. पस्तिशीचा, स्पर्धा परीक्षांचे क्लास चालवतो, बोलायला तयार. विधेयकावर विधिमंडळाच्या समितीनं जनतेची मतं मागवली तेव्हा तो मला म्हणाला, "काका, या वेळी जनरल निवेदन नको. एक स्टोरी हवी. आईच्या आवाजात लिहा. बापाचं लेटर वाचून कोणाला काही फील होत नाही."

म्हणून मी आईच्या आवाजात लिहिलं. दोन दिवस लागले. एक आई सांगते आहे की तिची एकुलती मुलगी एका सोमवारी न सांगता घर सोडून गेली. तिनं मुलीचे पाय धरले, पदर पसरला. कन्यादानासाठी जपून ठेवलेला शालू कपाटात तसाच आहे. शालूचं खरं होतं. तो मीच आणला होता, ऋतिका दहावीत असताना, दादरहून.

आता नमुना पत्रात जागा रिकाम्या ठेवल्या की लोक त्या रिकाम्याच पाठवतात, हा माझा नोकरीतला अनुभव. म्हणून मी उदाहरणादाखल नाव घातलं: सौ. विनया शांताराम खानविलकर. पत्ताही आमचाच. खाली कंसात लिहिलं की येथे आपले नाव व पत्ता घालावा. विनयाला विचारलं नाही. नमुन्यापुरतं नाव वापरायला काय विचारायचं?

हर्षवर्धननं ते पत्र साठ-सत्तर ग्रुपांवर टाकलं. लोकांनी छापलं, खाली सही ठोकली आणि पाठवून दिलं. नाव बदलायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. कामणच्या एका गोदामवाल्यानं तर आपल्या चाळीस कामगारांच्या सह्या घेऊन गठ्ठाच धाडला. चाळीस दाढीमिशीवाल्या बाप्यांनी लिहून दिलं की आम्ही सौ. विनया शांताराम खानविलकर, आमची मुलगी गेली. माझ्या कंसातल्या सूचनेसकट. एकंदर चारशे बारा पत्रं.

दीड महिन्यानं रजिस्टर पोस्टानं पत्र आलं. समिती पालघरला येणार आहे, कलेक्टर कचेरीच्या सभागृहात सुनावणी आहे, सौ. विनया खानविलकर यांनी बुधवारी साडेअकराला आपलं म्हणणं मांडण्यासाठी उपस्थित राहावं. पाकीट विनयानंच घेतलं. तिनं ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"हे काय?" तिनं विचारलं.

मग मला सगळं सांगावं लागलं. मूळ पत्र दाखवावं लागलं. ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून ते सावकाश वाचत होती आणि मी उगाच फ्रीज उघडून बंद करत होतो.

"मी तिचे पाय धरले होते?"

"तसं लिहावं लागतं."

"न सांगता गेली म्हणता, मग पाय कधी धरले?"

एकतीस वर्षं लोकांच्या कागदांतल्या असल्या चुका मी लाल पेनानं काढल्या. चारशे बारा लोकांनी सह्या केल्या, त्यातल्या एकालाही ही दिसली नाही. आणि मला तर नाहीच.

"तुला जायचं नसेल तर मी कळवतो," मी म्हटलं. "तब्येतीचं कारण देऊ."

"नको. जाईन मी." तिनं पत्राची घडी घातली. "माझ्या नावानं आलंय ना? मग मलाच जायला हवं."

हर्षवर्धनला आकाश ठेंगणं झालं. एवढ्या मोहिमा झाल्या, पण समितीनं आमच्यापैकी कोणाला समोर बोलावलं नव्हतं. तो पेढे घेऊन घरी आला, काकूंच्या पाया पडला आणि म्हणाला, "काकू, फक्त मनापासून बोला. तुम्ही बोललात की बिल पास झालंच समजा." त्यानं गाडीची सोय केली. मी चार मुद्दे एका कागदावर लिहून दिले. विनयानं तो कागद पर्समध्ये ठेवला. मला धाकधूक होती ती एवढीच, की ती ऐन वेळी रडेल आणि मुद्दे राहून जातील. आठ वर्षांच्या खर्डेघाशीतून पहिल्यांदा काहीतरी हाती लागत होतं आणि ते तिच्या पाच मिनिटांवर अवलंबून होतं.

सभागृहात लांब टेबलामागे समितीचे सात आमदार, मध्ये अध्यक्षबाई. समोर खुर्च्यांच्या रांगा. आमच्या आधी वकिलांची एक संघटना बोलली, मग दोन तरुण मुली विरोधात बोलल्या आणि मंचाच्या लोकांनी मागून चुकचुकाट केला. मग विनयाचं नाव पुकारलं. ती पुढे गेली, माइक फार उंच होता तो कोणीतरी खाली करून दिला.

अध्यक्षबाई हसऱ्या होत्या. "खानविलकरबाई, तुमच्या नावाची चारशे बारा पत्रं आली आहेत आमच्याकडे. यातलं तुमचं कुठलं?"

लोक हसले. विनया हसली नाही.

"एकही नाही," ती म्हणाली. "पण मुलगी माझी आहे, म्हणून आले."

"बोला."

"पत्रात लिहिलंय की ती न सांगता गेली. तसं नाही झालं. ती मला सांगून गेली. फळ्यावर नोटीस लागायच्या आधीच तिनं मला सांगितलं होतं." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, दूधवाल्याशी बोलते तसा. "आमचे हे दर सोमवारी तो फळा वाचायला यायचे. म्हणून मी गुडघ्यांचं निमित्त केलं आणि चार सोमवार यांना घरी ठेवलं. गुडघे ठणठणीत होते. पाचव्या सोमवारी यांना माझ्या भावाबरोबर रत्नागिरीला धाडलं आणि मी इथे आले. लग्नाला तीन साक्षीदार लागतात. तिसरी सही माझी आहे. तुम्ही रजिस्टर मागवून बघा."

माझ्या शेजारी हर्षवर्धन बसला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग मोबाइलमध्ये तोंड घातलं. मला काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. चार वर्षं मी त्या बाईला गुडघ्यांचं तेल आणून देत होतो.

एका आमदारांनी विचारलं, "मग विधेयकाबद्दल तुमचं म्हणणं काय? पाठिंबा की विरोध?"

"ते मला एवढं कळत नाही. मला एक विचारायचं होतं. यात संमती कोणाची धरणार? मी तर दिली होती."

आमदारांनी पुढ्यातले कागद चाळले. "आई-वडिलांची, असं आहे."

"दोघांची?"

"हो."

"आणि एकानं दिली, एकानं नाही दिली तर?"

टेबलामागे थोडी कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं की हा मुद्दा नोंदवून घ्या. अध्यक्षबाईंनी मग विचारलं, "मिस्टर खानविलकर आले आहेत का?"

मी उभा राहिलो. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी लिहिलेले पन्नास मजकूर मला पाठ होते, त्यातला एकही आठवेना.

"पत्र तुम्ही लिहिलंत?"

"हो. मजकूर माझा."

"मग मुलगी न सांगता गेली ती कोणाला?"

विनयाही वळून माझ्याकडे बघत होती.

"मला," मी म्हटलं.

पुढे अध्यक्षबाई काहीतरी चांगलं बोलल्या असाव्यात, कारण लोक गप्प झाले होते. मी ऐकलं नाही. मी खाली बसलो आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

बाहेर व्हरांड्यात हर्षवर्धन जवळ आला. चिडलेला होता, पण मोठ्यांशी कसं बोलावं हे त्याला शिकवलेलं आहे. "काका, पूर्ण मोहिमेची वाट लागली," तो म्हणाला. "उद्या पेपरात येईल हे. तुम्हाला खरंच काही माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"बरं, मला ठाण्याला मीटिंग आहे. तुम्ही येता ना मॅनेज करून?"

गाडी गेली. मला बरंच वाटलं. दीड तास त्याच्या शेजारी बसून आलो असतो तर मी काय बोललो असतो?

कचेरीच्या आवारात कँटीनशेजारी एक बाकडं होतं. तिथे बसलो. विनयानं दोन चहा आणले. माझ्यात साखर कमी होती, म्हणजे तिनं सांगून कमी घालून आणली होती. एवढं सगळं झाल्यावरही तिला माझ्या साखरेची आठवण होती, याचाच मला राग आला.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही निवेदन लिहिलं असतं."

मी चहा पीत राहिलो. खरं तेच बोलत होती. मी वर्षानुवर्षं हेच केलं. शेजारच्या मुलाचा दंगा झाला, निवेदन लिहिलं. सोसायटीत कोणी मटण शिजवलं, निवेदन लिहिलं. बोलायचं झालं की मला आधी कागद लागतो.

"भेटतेस तिला?"

"महिन्यातून दोनदा. पारायणाला जाते म्हणून सांगते ना, तेव्हा. कळंबला राहतात ते. मार्सेल तिथल्या समुद्रावरची पर्यटकांची कॉटेजेस बघतो." तिनं चहाचा शेवटचा घोट घेतला. "आत मी सगळं नाही सांगितलं. एक राहिलंय."

"अजून काय राहिलंय?"

"तुम्ही येऊ नये असं मला वाटत होतं. तिला नव्हतं वाटत." ती हातातल्या रिकाम्या कपाकडे बघत बोलत होती. "सोमवारची तारीख तिनं मागून घेतली होती. म्हणाली, बाबा सोमवारी इथे येतातच. फळ्यापाशी भेटतील, चार शिव्या देतील आणि थांबतील. तुम्ही रत्नागिरीला गेलाय हे मी तिला सांगितलंच नाही. ती नोंदणीच्या साहेबांना दोनदा म्हणाली, जरा थांबू या. दोन वाजेपर्यंत थांबली. सारखी जिन्याकडे बघत होती."

मी माझा कप बाकड्यावर ठेवला.

"मला वाटलं तुम्ही तमाशा कराल," विनया म्हणाली. "केला असतात?"

मला नाही म्हणायचं होतं. पण त्या दिवशी मी कोण होतो ते मला माहीत आहे. वहीत नावं लिहून घेणारा माणूस होतो. "माहीत नाही," मी म्हटलं. "केलाही असता."

"मग मी बरोबर केलं का?"

"तेही माहीत नाही."

ती रडायला लागली. चार वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं, आणि मला वाटायचं की ती माझ्यासारखीच घट्ट झाली आहे. आम्ही दोघं बाकड्यावर बसलो होतो आणि माझ्या अंगात तिच्या पाठीवर हात ठेवण्याइतकंही बळ उरलं नव्हतं. मला तिचा राग आला होता, स्वतःची लाज वाटत होती, आणि माझी मुलगी दोन वाजेपर्यंत जिन्याकडे बघत राहिली हे डोक्यातून जात नव्हतं. तीन-तीन गोष्टी एकदम सोसायचं माझं वय नाही.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले, पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि काही न विचारता माझ्या हातात दिला. मला बोलायचं होतं असं मी म्हटलेलं नव्हतं. पण रिंग वाजायला लागली होती आणि मध्येच बंद करणं बरं दिसलं नसतं.

"हां आई, बोल गं," ऋतिका म्हणाली. मागे कोणीतरी बादली ओतत होतं. आवाज तोच होता, जरासा जाड झालेला.

"मी बोलतोय," मी म्हटलं.

बादलीचा आवाज थांबला. मग ती एकदम बोलायला लागली.

"आईला काय झालं?"

"काही नाही—"

"बाबा, खरं सांगा. कुठे आहे ती? पडली का? कुठल्या हॉस्पिटलमध्ये आहात?"

"अगं, हॉस्पिटल नाही. पालघरला आहोत. ती इथे शेजारी बसलीय, चहा पितेय."

"मग तिच्या फोनवरून तुम्ही का बोलताय?" तिचा आवाज फुटायला लागला होता. फोन बाजूला धरून ती ओरडली, "मार्सेल, गाडी काढ! आईला काहीतरी झालंय, बाबांचा फोन आहे!" आणि मला म्हणाली, "मी निघतेय. तुम्ही तिथून हलू नका."

चार वर्षांनी माझा फोन येण्याचं तिला दुसरं काही कारण सुचलंच नाही. मी तिला पुन्हा सांगितलं की आई बरी आहे, अगदी बरी आहे, खोटं वाटत असेल तर तिच्याशी बोल. फोन विनयाकडे धरला. विनयानं तो घेतला नाही. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ती माझ्याकडे बघत बसली.

"आईला खरंच काही झालेलं नाही?" तिकडून ऋतिकानं विचारलं.

"नाही."

"मग तुम्ही फोन का केलात?"

सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच तयार नव्हतं. मागे स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि कोणीतरी तिला हाक मारली.

"निघालीच आहेस तर ये," मी म्हटलं. "सावकाश या. आम्ही थांबतो."